टेकऱ्यावर रेती कोणी आणली

दवनीवाड्याहून वैनगंगेच्या अंगाला निघालं की डांबरी सडक जिथं संपते, तिथं मोहघाट. गाव सखल, धानाच्या बांध्या सखल, आणि मधोमध म्हशीनं पाठ वर काढावी तसा एक टेकरा. टेकऱ्यावर मारुती. मारुतीपुढं पटांगण, आणि पटांगणात हातभर रेती. माघात सप्ताह लागला की त्या रेतीवर ताडपत्र्या पडतात आणि ऊन उतरल्यापासून सारं गाव मांडी घालून कीर्तन ऐकतं.

ही रेती एवढ्या उंचावर आली कशी, ते चैतराम टेंभरेला विचारावं. चैतराम मृदंग वाजवतो. त्याची थाप पडली की पेंगणारी म्हातारीही डोळे उघडते. पण त्याची खरी हौस निराळी. बुवांच्या गाडीला उशीर झाला की लोक म्हणतात, "चैतराम, सांग ना जी रेतीची कथा," आणि चैतराम मृदंग बाजूला ठेवून उभा राहतो. कथा त्याच्या वडिलांची. एका साली वैनगंगा माय अशी फुगली की गावावर चालून आली. मारुतीनं टेकऱ्याभोवती शेपटी आडवी टाकली. माय थबकली, लाजली, आणि परत फिरताना मारुतीच्या पायाशी रेती ठेवून गेली, एखाद्या सवाशिणीनं ओटी ठेवावी तशी. "येथवर आली, पण आत नाई आली!" असं म्हणून चैतराम हात जोडायचा आणि आख्खं पटांगण 'बजरंगबली की जय' म्हणायचं. हे दरवर्षी. कथा पाठ असूनही कोणाच्या अंगावरचा काटा चुकायचा नाही.

यंदा गावानं मनावर घेतलं होतं, पक्का सभामंडप बांधायचा. माघात कीर्तन, आणि श्रावण-भाद्रपदात नदी चढली तर लेकरंबाळं, धानाची पोती, शेळ्या, सगळ्यांना एक कोरडी जागा. मागच्या मोठ्या पुरात रात्रीतून पाणी चढलं, टेकऱ्याची वाट तुटली आणि अर्धं गाव दोन रात्री शाळेच्या छतावर बसलं होतं, ते कोणी विसरलं नव्हतं. म्हणून अट एकच, जागा बुडणारी नको. सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दुसऱ्या दिवशी बुवांच्या हातून कुदळ मारायची, हेही ठरलं.

चैतरामच्या मनात जागा एकच होती, मारुतीपुढची. पण छोटेलाल पटलेनं सडकेकाठचा आपला तुकडा पुढं केला. छोटेलाल धानाचा व्यापारी. मनाचा वाईट माणूस नव्हे, सप्ताहाची पंगत तोच घालायचा. पण मंडपाच्या दारावर आपल्या आजाचं नाव लागावं, ही त्याची आस. आणि आस असलेल्या माणसाला कान फार तिखट असतात.

चैतरामची मुलगी चंचल सप्ताहाला गावी आली होती. नागपूरला भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. गावातल्या बाया म्हणायच्या, "नाव चंचल, अन् शिकून राहिली दगड!" तीही हसायची. तिला अभ्यासासाठी एक काम करायचं होतं. नदीकाठच्या मातीतले कण मोजून ती माती तिथं कशानं आणून टाकली, वाहत्या धारेनं, थांबलेल्या पुरानं की वाऱ्यानं, ते ओळखायचं. तिनं आपलंच गाव निवडलं. चैतरामला त्याचाच केवढा अभिमान. ज्याला-त्याला सांगायचा, "माहा गाव आता नागपूरच्या पुस्तकात जाते!"

एका सकाळी चंचलनं पटांगणातली मूठभर रेती तळहातावर घेऊन भिंगातून पाहिली. छोटेलाल दर्शनाला आला होता, आणखी चार-पाच जण होते.

"का दिसून राहिलं, बेटी?" छोटेलालनं विचारलं.

"जाड कण आहेत, काका. गाळ नाहीच. ही नदीच्या पात्रातली रेती आहे. चालत्या धारेतली."

"म्हणजे धार येथून जात होती?"

"रेती तरी तसंच सांगते."

बस्स. छोटेलालनं टाळीच वाजवली. "सुना सबने? चैतरामजीची पोट्टी सांगून राहिली, मी नाई! नदी येथून गेली होती. जेथून एक बार गेली तेथून पुन्हा जाईल. अन् तुमी लेकरं घेऊन तेथं बसान?"

दुपारपर्यंत गोष्ट गावभर झाली. पारावर लोक म्हणू लागले, "बापानं शेपटी टाकली, पोरीनं कापली."

चैतराम घरी आला. निर्मलाबाईनं ताट वाढलं, त्यानं पाण्याचा तांब्या फक्त उचलला.

"तू बोलली कायले?" शेवटी तो म्हणाला.

"विचारलं, बाबा. विचारलं तं खोटं सांगू?"

"खोटं नको सांगू. पण कीर्तनात पाहते ना, बुवा पूर्वरंगातच निकाल सांगतेत का? आधी मांडतेत, उलट-सुलट पाहतेत. तू उभी राहिली नाई तं आरतीच म्हणून मोकळी झाली!"

चंचल मघापासून ओठ चावत होती. आता तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "चुकलीच मी. आमच्या मॅडम हेच म्हणतेत, खड्डा खणल्याशिवाय तोंड उघडू नका. मी वरवरची मूठ पाहिली अन् बोलली. पण आता जे खाली असंल ते सांगीन, तुमच्या बाजूचं असो की काकाच्या."

निर्मलाबाई म्हणाली, "सांगशीन ते सांगशीन. तुह्या बापाले आधी जेवू दे."

दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडळीला विचारून पटांगणाच्या कडेला खड्डा खणला. खणणारा चैतराम, सांगणारी चंचल. फावडं लागलं की रेती भसकन सुटायची. "सावकाश, बाबा! भिंत उभी ठेवा, मले थर पाहायचे आहेत." जन्मभर शेतात बांध घातलेल्या माणसाला मुलगी फावडं धरायला शिकवत होती, आणि त्याला त्याचा राग येत नव्हता, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. हातभर रेती संपली आणि फावडं एकदम खणकन वाजलं. खाली लाल-पिवळा कडक मुरूम, चुन्याचे खडे घातलेला. रेती आणि मुरूम यांच्यामधली रेघ सुरीनं कापावी तशी सरळ.

चंचलनं वरून खालपर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर पिशव्या भरल्या. मग नदीत जाऊन घाटाखालच्या धारेतली रेती आणली. मग छोटेलालच्या घरी जाऊन म्हणाली, "काका, तुमच्या तुकड्यातही खणू द्या."

"खण ना, बाप्पा! पाहिजे तेवढं खण. आपल्याले कोणाची भीती?" छोटेलालनं गडीच लावून दिला.

घराचं अंगण मग मिलसारखं झालं. निर्मलाबाईच्या तव्यावर रेती वाळू लागली. "भाकर कशावर करू? रेतीच वाढू का तुमच्या पानात?" ती कुरकुरायची आणि ढेकूळ राहू नये म्हणून स्वतःच उलथन्यानं हलवायची. चंचलनं कॉलेजातून पितळी चाळण्यांची उतरंड आणली होती. सगळ्यात वर मोठ्या भोकांची, खाली बारीक, त्याखाली आणखी बारीक, तळाशी बंद डबा.

चैतराम उकिडवा बसून पाहत होता. "हे तं राइस मिलचं काम झालं."

"तेच आहे, बाबा. अख्खा तांदूळ वर, तुकडा मधात, कनकी खाली, कोंडा तळाशी. पाण्याचंही तसंच. जोराची धार जाड रेती वाहते. बारीक गाळ तेथं टिकतच नाही, पुढं वाहून जाते. अन् पुराचं पाणी शेतात येऊन थकलं, थांबलं की मग तो गाळ खाली बसते. आधी जड, मंग हलकं, सगळ्यात वर चिखलाची साय."

"अन् वारा?"

"सूप धरून पाखडतो तेव्हा का होते? जड पायापाशी, हलकं दूर. वारा बारीकच उचलते, अन् एका मापाचं आणून टाकते."

चैतराम मान डोलावत राहिला. एवढं गहन शास्त्र आणि त्यात त्याला न कळण्यासारखं काहीच नव्हतं. चांगल्या कीर्तनातही असंच होतं. कठीण गोष्ट बुवा अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर मला ठाऊकच होतं. त्यानं चाळण्यांची उतरंड दोन्ही हातांत धरली आणि हलवू लागला. हात मृदंग्याचे, आपसूक ठेका धरला गेला.

"बाबा, भजनी ठेका नको! सगळ्या पिशव्या एकसारख्या हलल्या पाहिजेत."

"एकसारख्याच हलतीन. ठेका चुकत नाई आपला."

आणि खरंच, त्याच्या हातानं प्रत्येक पिशवी सारखीच चाळली गेली. चंचल प्रत्येक चाळणीवर उरलेलं वजन करून बाजूला मांडत गेली, वरच्या चाळणीत अडकलेलं काहीबाही वेगळ्या डबीत टाकत गेली. हळूहळू तिचा चेहरा बदलला. एकदा टेकऱ्याची पिशवी, एकदा नदीची, परत टेकऱ्याची. मग तिनं चाळण्या बाजूला ठेवल्या.

"का निघालं?" चैतरामनं विचारलं.

"परवा काल्याले, सगळ्यांसमोर सांगीन."

"मलेही नाई?"

"तुम्हाले आधी सांगितलं तं काका म्हणतीन, बापानं पढवलं."

बरोबर होतं तिचं. पण ते दोन दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. टेकरा बुडणारा निघाला तर मंडप जाईल, ते एक. पण वडिलांची कथा जाईल, आणि ती स्वतःच्या मुलीच्या हातून जाईल. काल्याच्या सकाळी तो मारुतीपुढं उभा राहिला. मागायला आला होता की देवा, टेकरा वाचव. डोळे मिटले आणि मनात भलतंच आलं. पोरगी एवढ्या लोकांत पहिल्यांदा उभी राहणार आहे. देवा, तिचा आवाज कापू देऊ नको. तेवढंच मागून तो मागं फिरला.

गोपाळकाला झाला, दहीहंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटला. मग बुवा खांबाला टेकून बसले आणि गाव जागेचा निकाल करायला पटांगणात जमलं. चंचलनं काचेचे तीन उभे ग्लास ओळीनं मांडले. एकात टेकऱ्याची रेती, एकात नदीची, एकात छोटेलालच्या तुकड्यातली माती. तिन्हींत पाणी ओतलं, वर हात ठेवून हलवलं आणि ठेवून दिलं. नदीच्या आणि टेकऱ्याच्या ग्लासात रेती झटक्यानं तळाशी गेली, वर पाणी जवळजवळ नितळ. छोटेलालच्या ग्लासातलं पाणी चहासारखं गढूळ ते गढूळच.

"पहिल्यांदा माझी चूक सांगते," ती म्हणाली. आवाज कापला नाही. "मी म्हटलं होतं, ही नदीच्या पात्रातली रेती आहे. ते खरं आहे. चाळून पाहिली, घाटाखालच्या रेतीशी माप जुळलं. पण म्हणून धार येथून गेली, हे चूक. धार गेली असती तर रेती खाली-वर बदलली असती. एका साली जोर जास्त, एका साली कमी, कुठं गोटे, कुठं गाळ. येथं वरपासून तळापर्यंत एकच माप. अन् पूर चढून ओसरला असता तर चिखलाची साय राहिली असती. हातभर रेतीत सायीचा एक पदर नाही. आणि टेकरा चढून जाड रेती आणायचा जोर पाण्यात असता, तर हे देऊळ जाग्यावर राहिलं नसतं."

"मंग वाऱ्यानं आणली असंल," कोणीतरी म्हणालं.

"वाऱ्याले हे कण उचलत नाहीत. अन् रेतीखाली जो मुरूम आहे, त्यात नदीचा एक कण नाही. त्या मुरमाले पुराचं पाणी कधी शिवलं, अशी एकही खूण मले सापडली नाही. टेकरा कोरडा आहे." ती तिसऱ्या ग्लासाकडे वळली. "काका, तुमच्या तुकड्यात कमरेएवढं खणलं. बारीक रेती, वर गाळ. पुन्हा बारीक रेती, वर गाळ. असे थरावर थर. जेवढे थर, तेवढे पूर येऊन बसून गेले."

छोटेलालचा चेहरा उतरला. पण व्यापारी माणूस, हिशेब एवढ्यात सोडत नाही. "ठीक आहे, बेटी. पाण्यानं नाई, वाऱ्यानं नाई. मंग रेती आणली कोणं? मारुतीनं उडान मारून आणली?"

लोक खदखदून हसले.

चंचल हसली नाही. "माणसानं आणली. थोडी थोडी, वर्षानुवर्षं. रेतीत खालपर्यंत बांगड्यांचे तुकडे आहेत, काका. काचेचे, अन् तळाशी लाखेचे."

मग बायांच्या घोळक्यातून धुरपताबाईचा चिरका आवाज आला. तिची नजर गेली होती, जीभ गेली नव्हती. "अगे माय! टोपली!"

"का म्हणते, मावशे?" चैतरामनं विचारलं.

"टोपली ना रे, टोपली! सप्ताहाच्या आधी घराघरची सून नदीवर आंघोळ करे, अन् ओलेत्यानं रेतीची टोपली घेऊन येथं चढे. वाटेत खाली ठेवाची नाई, कोणाशी बोलाचं नाई. कीर्तन आयकाले येणाऱ्याले बसाले मऊ पाहिजे म्हणून. मी नवी नवरी होती तं पाय घसरला, पडली, बांगड्या फुटल्या, सासू म्हणे, टोपली तं नाई सांडली ना? ताडपत्र्या आल्या अन् समदं बंद पडलं. आमाले वाटे, पाण्यापावसात गेली असंल वाहून आमची रेती."

"नाई गेली, आजी," चंचल म्हणाली. "सगळी आहे."

म्हाताऱ्या बायांत कुजबुज उठली. एकीनं वाकून मुठीत रेती घेतली, दुसरीनं कपाळाला लावली. छोटेलाल मात्र चैतरामकडे पाहत होता. आता टोमणा नव्हता त्याच्या आवाजात, पण प्रश्न होता, आणि तो साऱ्या गावाचा होता. "चैतरामजी, मंग नदीनं रेती ठेवली, ते तुमची कथा..."

चैतराम उठला. वडील आठवले, त्यांचा उंच हात आठवला. आणि त्यांच्या मागं, कथेत कधीही न आलेली आई आठवली. माघाच्या थंडीत दात वाजताहेत, ओलं लुगडं पायांत घोटाळतंय, डोक्यावर टोपली. तो चिमुकला, तिच्या मागं मागं 'माय, माय' करत धावतोय, आणि ती बोलत नाही. आपल्यावर रागावली म्हणून तो रडला होता. ती का बोलत नव्हती, ते आज कळलं.

"कथा माह्या बापाची आहे," तो म्हणाला. "बापानं भक्तीनं सांगतली, मी भक्तीनं सांगतली. पण त्यात एक नाव चुकलं. पायाशी रेती ठेवून गेली ते नदी नाई जी. ते माही माय होती. तुमचीही होती, छोटेलालजी. अन् मावशे, तू तं समोर बसली आहेस!" त्यानं धुरपताबाईपुढं हात जोडले. "एवढी वर्षं आमी नदीले हात जोडले. माह्या पोरीनं आमाले आमच्या मायचे पाय दाखवले."

बुवांनी खांबाला टेकलेली पाठ सरळ केली. म्हणाले, "चैतराम, पुढच्या सालचं कीर्तन मी करतो. पण कथा तू सांगायची. ही, आजची."

छोटेलालनं टोपी काढून डोकं खाजवलं. "माही आजी जाडजूड होती," तो म्हणाला. "तिची टोपलीही मोठीच असंल." आणि हसण्याच्या त्या लाटेत जागेचा निकाल हात वर न करताच लागला. पंगत तोच घालणार होता. मंडपाची फरशीही आपल्याकडून, असं त्यानं जाता जाता सांगून टाकलं. आजाचं नाव तो बोललाच नाही.

दुसऱ्या दिवशी बुवांनी कुदळ मारली. गवंडी उमेंद्र दोरी लावून उभा होता. पाया रेतीवर ठरत नाही, रेती आधी काढावी लागणार होती. ती फेकायची नाही, मंडपाच्या जोत्यात भरायची, असं बायांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि पुरुषांना ते कळलं तेव्हा त्यांच्या हातांत टोपल्या होत्या. चैतरामनं पहिली टोपली डोक्यावर घेतली. मान डुगडुगली.

"बोलाचं नाई हां!" निर्मलाबाई ओरडली. "अन् खाली ठेवाची नाई!"

बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. चैतरामनं तोंड घट्ट मिटलं आणि जोत्यासाठी ढीग घालायचा होता तिथवर जाऊन टोपली रिकामी केली.

उमेंद्रनं विचारलं, "चैतरामजी, खाली किती खणाचं? मुरूम लागला की थांबू?"

चैतरामनं कपाळाचा घाम पुसला. पलीकडे चंचल ओणवी होऊन कडेचा थर पाहत होती, केसांत रेती, गालावर माती. सारं गाव तिच्याकडे बघत थांबलं होतं. जन्मभर त्यानं लोकांना ताल दिला होता, आज ताल दुसऱ्या कोणाच्या हातात होता, आणि त्याला त्यात बसायला केवढं सुख वाटत होतं.

"मले कायले विचारतेस?" तो म्हणाला. "माह्या पोरीले विचार. ते सांगंल तेथवर खण."